कोरा म्हटलेला रकाना

नसीमआपा, तुम्ही माझ्याशी एकदा खोटं बोलला होतात. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. तुमच्या घरी चाळिसाव्याची तयारी आतापासूनच चालू आहे आणि येणारा प्रत्येक जण तुम्ही किती खऱ्या होतात तेच सांगतो आहे. मी चहा पिते, मान हलवते. सतरा वर्षं तुमच्या शेजारी बसलेली बाई मीच, म्हणून मला कुणी काही विचारत नाही. बरंच आहे. विचारलं असतं तर काय सांगणार होते?

कचेरीसमोर पत्र्याखाली आपलं एकच टेबल. एका बाजूला माझा कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला तुमचं भिंग आणि शाळेतून निवृत्त होताना आणलेली लाकडी फूटपट्टी. निजामाच्या काळातले कागद उर्दूत, तेही असे घसटून लिहिलेले की उर्दू शिकलेली पोरंसुद्धा हात जोडायची. जमीन असो, वारस असो, जात असो, जुनं काही सिद्ध करायचं म्हटलं की हिंगोलीत माणूस तुमच्याकडं यायचा. तुम्ही वाचून मराठीत सांगायच्या, मी टाइप करायची. खाली 'असल बरहुकूम नक्कल', त्याखाली तुमची सही आणि शिक्का, बाजूला माझी सही. म्हणजे मुळात आहे तसंच इथं उतरवलं, हे आपण दोघींनी लिहून द्यायचं.

तुमची पट्टी उजवीकडून निघायची, माझा कर्सर डावीकडून. मधे कुठंतरी दोन्हींची गाठ पडायची तेव्हा तुम्ही म्हणायच्या, "कमल, आता चहा."

तुमची एक पद्धत मला शेवटपर्यंत पटली नाही. कागद आधी त्याच्या मालकाला पूर्ण वाचून दाखवायचा, मग मला सांगायचा. प्रत्येक कागदाला दुप्पट वेळ. मागं लोक उभे असायचे.

"आपा, टाइप झाल्यावर वाचतील की ते."

"कागद ज्याचा, त्यानं आधी ऐकायचं," तुम्ही म्हणायच्या. "तू नंतर. अन् सरकार तुझ्याबी नंतर."

ही पद्धत लक्षात ठेवायला हवी होती. मी ठेवली नाही.

*

शब्दांवरून आपण जितक्या भांडलो तितक्या कशावरूनच भांडलो नाही. तेही शिव्यांवरून. शाळामास्तरीण असून तुम्हाला शिव्यांचं भारी प्रेम. मवाली हा अरबी, त्याचा मूळ अर्थ आश्रयाला राहिलेला, आपला माणूस, असं तुम्ही एकदा सांगितलंत. तुमच्या निम्म्या गोष्टी आपल्या टेबलावरच जन्माला येतात असा मला संशय होता. आजही आहे.

बदमाशची गोष्ट मात्र मी तपासून घेतली होती. झालं असं, की एका इनाम जमिनीच्या कागदात 'मदतमाश' आलं. मी विचारलं हे काय. तुम्ही म्हणालात, माश म्हणजे रोजीरोटी. मदतमाश म्हणजे पोटापाण्यासाठी लावून दिलेली जमीन.

"मग बदमाश?"

"त्याच घरातला. बद फारसी, माश अरबी. ज्याचं पोट भरायचं साधन वाईट, तो."

तुमचा मुलगा आखातात आहे. तिकडं पगाराला माश म्हणतात, तो फोनवर 'माश आला' म्हणतो तेव्हा तुम्हाला हसू येतं, हे तुम्ही सांगितलंत आणि त्याला फोन लावून मला ऐकवलंतही, कारण माझा चेहरा तुम्हाला ठाऊक होता. इंग्रजांच्या कायद्यातही 'वाईट उपजीविका' असलेल्यांसाठी कलम होतं म्हणालात. मग तो शब्द कुठं कुठं फिरला ते सुरू झालं. निजामाबादचा हळदीचा ट्रकवाला समोरच तेलुगूत कुणाशी तरी फोनवर भांडत होता, त्याच्या बोलण्यात तो शब्द आला आणि तुम्ही बोट वर केलंत. आमच्या तांड्याच्या गोरबोलीतही तो आहे, मी कबूल केलं. मराठीत तर आई दूध न पिणाऱ्या लेकराला म्हणते.

"बघ," तुम्ही म्हणालात. "लफ्जाचा काय गुन्हा? बिचारा अरबस्तानातून चालत आला. कुणी त्याला चौकीत नेलं, कुणी पाळण्यात."

"बिचारा शब्द नसतो, आपा. ज्याला म्हणतात तो असतो. शब्द कुठून आला ते बघून काय करायचंय? तो म्हणणाऱ्याच्या हातात काठी आहे का, ते बघायचं."

"तू लई शक्की बाई हायस."

"टायपिंगवाली आहे. जे दिसतं तेच लिहिते."

हा वाद किती वर्षं चालला? मधेच सोडायचा आणि पुढच्या शिवीला परत धरायचा. तुमचं म्हणणं, शब्दाचं मूळ कळलं की त्याचा डंख जातो. माझं म्हणणं, डंख ज्याला बसला त्याला मूळ सांगून बघा. आपल्यापैकी कुणी मागं हटलं नाही.

आणि कागदाच्या बाबतीत तुम्ही बोलण्यासारख्याच वागायच्या. तुमच्या घराचा कागद आला होता, आठवतं? तुमच्या नवऱ्याचे आजोबा गढीवर पहारेकरी. शेवटच्या रकान्यात, ज्याला कैफियत म्हणतात आणि आपण शेरा म्हणतो, तिथं त्यांच्याबद्दल लिहिलेलं. तुम्ही एका सुरात सांगितलंत, "लिही. नशेबाज. कामचुकार. बेएतबार, म्हणजे भरवशाचा न्हाई."

माझे हात थांबले. "आपा, लिहायचंच का?"

"कागदात हाय ना? मग."

सूनबाई मागं उभी होती, तिचा चेहरा उतरला. तुम्ही पट्टी पुढं सरकवलीत.

*

म्हणून तुम्ही खोटं बोललात ते त्या दिवशी मला लगेच कळलं. दोन वर्षांपूर्वी काका आले होते, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, सेनगाव तालुक्यात साखऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावरून. त्यांच्या नातीला, पूजाला, नर्सिंगला जायचं होतं. जात पडताळणीसाठी जुना पुरावा लागणार होता. काकांनी कुठून कुठून फिरून तांड्याच्या एका जुन्या यादीची नक्कल मिळवली होती. एकतीस नावं. त्यात माझे पणजोबा.

मी दुसऱ्या कागदाच्या झेरॉक्ससाठी पलीकडच्या दुकानात गेले आणि परत आले, तेवढ्यात तुमचं काकांना वाचून दाखवणं झालं होतं. काका बिडी न पेटवता हातात धरून बसले होते. तुम्ही मला सांगायला लागलात. नाव. बापाचं नाव. वय. जात. बैल किती. पट्टी उजवीकडून डावीकडं येत होती. आणि शेवटच्या रकान्याच्या अलीकडं ती तुम्ही उचललीत.

"कैफियत?" मी विचारलं.

"कोरा."

उर्दू मला येत नाही. पण शाई आणि कोरा कागद यांतला फरक येतो. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शाई होती.

"आपा, तिथं काहीतरी दिसतंय."

"डाग हाय. पुढं चल."

काका समोर होते, मागं चार लोक होते. मी टाइप केलं, 'कैफियत : कोरा'. सही केली. माझ्या हातून गेलेलं हे पहिलं खोटं, आणि ते माझ्याच घराच्या कागदावर. त्याच दुपारी मी त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवला.

मग माझं डोकं धावायला लागलं. त्याच महिन्यात शिरड शहापूरचा एक शेतकरी तुमच्याकडं तीनदा येऊन गेला होता, एकदा पेढ्यांचा डबा घेऊन. तांड्याच्या जमिनीबद्दल त्या रकान्यात काही असेल का? आमचा हक्क सांगणारं, आणि त्याला नको असलेलं? मी तुमच्याकडं तिरक्या नजरेनं बघायला लागले. तुमच्या बॅगेत काय आहे तेही बघितलं एकदा. गोळ्या, तसबीची माळ आणि खारे शेंगदाणे होते.

दोनदा मी तुम्हाला सरळ विचारलं. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, "तुला उर्दू शिकवू का?" दुसऱ्यांदा भिंग पुसत बसलात. त्यानंतर महिनाभर आपण एकमेकींशी फक्त कामाचं बोललो. तुम्हाला ते जाणवलं होतं. चहा मात्र माझ्या पुढ्यात यायचाच, आलं घातलेला, तुम्हाला आलं चालत नसूनही.

दुसऱ्या कुणाकडून फोटो वाचून घेणं काही अवघड नव्हतं. मी घेतला नाही. तुमच्यावर संशय घेणं मला जमत होतं, तो खरा निघालेला बघणं जमलं नसतं बहुतेक. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

*

तुम्ही गेल्यानंतर आठव्या दिवशी पूजाला जात पडताळणीच्या कचेरीतून पत्र आलं. सुनावणी. मूळ कागद घेऊन या, भाषांतर दुसऱ्या जाणकाराकडून ताडून बघितलं जाईल.

आता ते वाचून घेतल्याशिवाय चालणार नव्हतं. ताडताना तो रकाना निघाला असता तर पूजाचा कागद खोटा ठरला असता. तुमची सही खोटी ठरली असती. आणि तुमच्या एका सहीवर संशय आला की ज्यांच्या ज्यांच्या कागदावर तुमचा शिक्का आहे ते सगळे अडकले असते. किती घरं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी रुखसारकडं गेले. तुमचीच विद्यार्थिनी, आता तुमच्याच शाळेत शिकवते. तिच्यावरही माझा भरवसा नव्हता, म्हणून कागद कुणाचा ते सांगितलं नाही. फोटो मोठा करून तिच्यापुढं धरला.

तिनं वाचलं. माझ्याकडं बघितलं.

"वाच," मी म्हटलं.

"बदमाश."

"आणि खाली?"

"खाली सगळीकडं ऐजन, बाई. ऐजन, ऐजन, ऐजन. शेवटपर्यंत."

ऐजन म्हणजे वरीलप्रमाणे. लिहिणाऱ्यानं पहिल्या नावापुढं तो शब्द लिहिला होता आणि पुढच्या तीस माणसांसाठी पुन्हा लिहायचा कंटाळा केला होता. माझे पणजोबा अकराव्या ओळीत. त्यांच्या वाट्याला तर शिवीसुद्धा पूर्ण आली नव्हती.

मी घरी आले, भाजी निवडली, मग कॉम्प्युटर उघडला. मला रडू आलं नाही, राग आला. वाटलं, ज्या बाईनं एक रकाना गाळला तिनं आणखी किती गाळले असतील? आपल्या सगळ्या नकला माझ्याकडं आहेत, मूळ कागदांच्या झेरॉक्सही. दोन दिवस टेबल बंद ठेवून मी शेऱ्याचे रकाने काढले आणि रुखसारकडून एकेक वाचून घेतले. भांडखोर, आपण लिहिलंय. बदचलन, लिहिलंय. चोरीचा संशय, लिहिलंय. ज्याचा कागद, त्याच्या तोंडावर वाचून लिहिलंय. एकही शब्द गळलेला नाही. तुमच्या नवऱ्याच्या पहारेकरी आजोबांचे तिन्ही शब्द आहेत.

सतरा वर्षांत फक्त एक रकाना.

*

मी तांड्यावर गेले. काका ओट्यावर हळदीची बेणी निवडत होते. घरात आम्ही गोरबोली बोलतो, इथं मराठीत लिहिते.

"काका, त्या यादीत पणजोबांपुढं काय लिहिलंय, तुम्हाला माहीत आहे?"

त्यांनी हातातलं बेणं खाली ठेवलं नाही. "बदमाश लिवलंय. तुला कोण बोललं?"

"तुम्हाला आपांनी सांगितलं होतं?"

"आपांनी वाचलं व्हतं. पण मला आदीच ठावं व्हतं. सगळ्या तांड्याला ठावं हाय." मग काकांनी सांगितलं, जसं कुणी विहिरीचं पाणी किती खोल ते सांगावं तसं. बैलांवरून माल न्यायचं काम बंद पडलं, तांडा एका जागी बसला, आणि गडीमाणसांना रोज सांजेला पोलीस पाटलाच्या दारात हजेरी लागली. नाव पुकारलं की पुढं यायचं. "माझा बाप लेकरू असताना त्याच्या बापाच्या मागं मागं जायचा. एका सांजंला म्हातारा तापानं फणफणला, तरी खाटंवर घालून नेला. हजेरी चुकली की गावात कायबी झालं तर नाव आपलं."

"मला कुणी काहून नाही सांगितलं?"

"तुला कशाला? तू शाळंत चालली व्हतीस."

"आणि आपांना तुम्ही काय म्हणालात?"

आता मात्र काकांनी बेणं ठेवलं. "म्हणलं, आपा, आमचं काय न्हाई. पण ही पोरगी रोज कचेरीत मान वर करून बसून राहिली. तिच्याच हातानं हे काहून लिवून घेता?"

"मग?"

"म्हणल्या, कागद तुमचा हाय, पण सही माझी हाय. मी म्हणलं, तर मग माझं म्हणणं राहू द्या. तवर तू आलीस."

तेवढ्यात काकांची पणती रांगत आली आणि तिनं बेण्यांच्या टोपलीत हात घातला. "ए बदमाश, ठिव ते," काका म्हणाले आणि तिला उचलून मांडीवर घेतलं. आपण काय म्हणालो ते त्यांच्या गावीही नव्हतं. तुम्ही असतात तर माझ्याकडं बघून टेबलावर हात आपटला असतात.

आपटा. पण माझंही ऐका. शब्दाचा काही गुन्हा नाही, मूळ कळलं की डंख जातो, असं तुम्ही सतरा वर्षं सांगितलंत. मूळ तर मला तुम्हीच शिकवलं होतं, अगदी आखातातला फोन लावून. मग तुमची पट्टी का उचलली गेली? काकांनी नुसतं सांगितलं होतं, तुम्हाला नाही म्हणता आलं असतं. सुनेसमोर तुम्ही थांबला नाहीत, माझ्यासमोर थांबलात. त्या दिवशी तुम्ही तो वाद हरलात, आपा, आणि मला कळू दिलं नाहीत.

तुम्ही दोघांनी मिळून मला लेकरू ठरवलंत. सेहेचाळीस वर्षांची होते मी तेव्हा. याचा राग अजून आहे आणि तो चाळिसाव्यापर्यंत जाईल असं वाटत नाही. तुम्ही माझ्यासाठी सही पणाला लावलीत, हेही मला कळतं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं ते तुम्हाला विचारलं असतं. तुमच्याकडं त्यासाठी एखादा फारसी शब्द निघाला असता, खरा किंवा टेबलावरचा.

*

शेवटी जे करायचं ते केलं. तुमच्या पद्धतीनं. रुखसारला तांड्यावर नेलं, काकांना आणि पूजाला समोर बसवलं, यादी सगळी वाचून दाखवायला लावली. एकतीस नावं, एक शब्द आणि तीस ऐजन. पूजानं विचारलं, "यानं माझं काम अडेल का?" मी म्हटलं, गाळलं तर अडेल. ती म्हणाली, "मग घाला की आत्या, काहून थांबून राहिलात?" मग मी टाइप केलं. पणजोबांपुढं 'ऐजन'. हात थांबले नाहीत, सांगून ठेवते.

राहिला प्रश्न जुन्या नकलेचा. त्यावर तुमची सही. मी अर्ज लिहिला की जुन्याच फाइलवर नवा मजकूर टाइप करताना आधीच्या कागदातला 'कोरा' तसाच राहून गेला, चूक टंकलेखकाची, भाषांतरकार बाईंनी मजकूर बरोबर सांगितला होता. आमच्या धंद्यात ही चूक रोज होते, त्यामुळे कुणालाही पटते. माझ्या हातून मात्र ती कधी झालेली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

कारकून ओळखीचा. त्यानं अर्ज दोनदा वाचला. "कमलबाई, तुमच्याकडून?"

"व्हय. वय झालं."

"आपांच्या कागदात असं कधी झालं न्हाई."

"न्हाई झालं."

त्याच्या नजरेत संशय होता. त्याला पटलं की नाही कोण जाणे. नवी नक्कल त्यानं मूळ कागदाशी ताडायला आत पाठवली, ती जुळून आली, आणि पूजाचा कागद पुढं सरकला.

तुमची पट्टी तुमच्या सुनेनं मला दिली आहे. पेढ्यांच्या डब्याचं तिला विचारलं, तर शिरड शहापूरच्या त्या माणसाला मुलगी झाली होती म्हणे. असेल. रुखसार सोमवारपासून शाळा सुटल्यावर टेबलावर बसणार आहे. तिला सांगितलंय, पट्टी मधे उचलायची नाही, कुणासाठीही नाही. माझ्यासाठी तर नाहीच.

कारकुनानं माझ्या अर्जाची पोच दिली ती पर्समध्ये आहे. त्यावर लाल शाईनं शेरा मारलाय : 'टंकलेखक निष्काळजी. यापुढे नकला तपासून घ्याव्यात.'

आता माझ्या नावापुढचाही शेवटचा रकाना कोरा नाही, आपा.